मेण लावलेला दोरा

ते वर्ष एकशे बारावं, राजघराण्याच्या मोजणीनं. इजिप्तच्या राजाशी पानियोनच्या झऱ्यांपाशी लढाई झाली ती त्या वर्षीच्या उन्हाळ्यात, आणि आपले पाखरवाले, लोखंडी पाखर घातलेल्या घोड्यांवरचे स्वार, अपामियाला परतले ते द्राक्षं उतरवून झाल्यावर. शहरात कुणालाही विचारा, तो ते विजयाचं वर्ष म्हणून सांगेल. लानिकाच्या लेखी ते तिच्या तोंडून गेलेल्या एका वाक्याचं वर्ष होतं. ते वाक्य तिला आठवायचं असंही नाही. दाताच्या फटीत अंजिराचं बी अडकावं आणि जीभ आपोआप तिथेच जात राहावी, तसं ते असायचं. माणूस जेवतो, झोपतो, कुणाच्या लग्नाला जाऊन येतो, आणि जीभ तिथेच.

त्यानंतर वीसेक वर्षं गेली असतील. एका सकाळी ती पागेमागच्या गल्लीतल्या भट्टीवर जवाच्या भाकऱ्यांसाठी उभी होती. पुढेमागे ओळखीच्याच बायका होत्या, कोण कुणाच्या सुनेला काय बोललं ते चाललं होतं. भट्टीवाल्यानं भाकरी हातावर ठेवली, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "लानिकाताई." मान वळवायची नुसती, पण मान वळेना. कानाच्या पाळ्या तापल्या. तळहाताला भाकरीचा चटका बसतोय हे कळत असूनही तिनं ती टोपलीत टाकली नाही, तिच्यावरची राख टिपत राहिली.

"वळून बघू नका हवं तर," मागचा आवाज म्हणाला. "संध्याकाळी घरी येऊ का? काम आहे. शिवणाचं."

"ये," लानिका भट्टीच्या तोंडाकडे बघत म्हणाली.

"कुणाला बोलावताय, मला?" भट्टीवाला हसला. "बायको सोडायची नाही." रांगेतल्या बायकाही हसल्या. त्या हसण्यात तिनं टोपली उचलली आणि ती घराकडे चालू लागली. मागे एकदाही पाहिलं नाही.

हदीराच ती. आवाज जरा जाड झाला होता, पण "ताई" म्हणताना शेवटी किंचित उचलून धरायची सीरियातल्या बायकांची लकब तीच होती. एकाच गल्लीत राहून वीस वर्षं समोरासमोर न येणं ही सोपी गोष्ट नव्हे. त्याला दोन्हीकडून मेहनत लागते. हदीरा वरच्या कारंज्यावर पाण्याला जायची, म्हणून लानिका खालच्या. सणाला देवळात हदीरा सकाळी, लानिका दुपारी. कधी कुणी ठरवलं नव्हतं. हदीराला मुलगा झाला तेव्हा दारावर ऑलिव्हची डहाळी टांगलेली तिनं लांबून पाहिली होती आणि त्या दिवशी ती चांभारगल्लीतून वळसा घालून घरी आली होती. बायकांना वाटायचं, हिचा नवरा गेला आणि तिचा आला, त्यामुळे हिच्या मनात सल आहे. वाटू दे, असं तिला बरं वाटायचं. असूयेला लोक समजून घेतात. लाजेला घेत नाहीत. लाजेचं कारण विचारतात.

आणि आता शिवणाचं काम. तिनं घरात आल्यावर भाकरी झाकून ठेवली, तळहातावर तेल लावलं, आणि बसून राहिली. कोनाड्यात सगळ्यात खाली मेणाचा गोळा आणि चामड्याची आरी अजून होती. दर वर्षी घर सारवताना ती ते बाहेर काढायची आणि पुसून परत ठेवायची. पागेतून सुरुवातीला निरोप यायचे, अमक्याचं चिलखत उसवलंय, तमक्या घोड्याची पाखर ढिली झालीये, तुमच्याइतकं नीट कुणाला जमत नाही. डोळे गेले म्हणून ती सांगायची. डोळे चांगले होते. अजूनही दिवा न लावता तिला सुईत दोरा ओवता यायचा.

कारण ते काम बायकांचंच होतं. राजाच्या कोठारातून चामडं मिळायचं आणि पितळेच्या, लोखंडाच्या खवल्यांची पोती मिळायची. ते एकावर एक, माशासारखे, ओळीनं चामड्यावर बांधायचे, आत बुरणुसाचं जाड अस्तर द्यायचं, हे ज्याच्या त्याच्या घरी. एक स्वाराचं चिलखत, एक घोड्याची पाखर. स्वार एकदा चिलखतात शिरला की बगलेखालची उघडी बाजू कमरेपर्यंत दोऱ्यानं शिवून बंद करायची, तीही बायकोच शिवायची, कूच करण्याच्या दिवशी, पागेच्या अंगणात. पुढे मुक्कामावर मोतद्दार उसवायचे, शिवायचे. पण पहिला टाका घरचा. मग चारजण मिळून त्याला ओट्यावरून घोड्यावर चढवायचे. वर तोंडावर मुखवटा. लोखंडाचा माणूस लोखंडाच्या घोड्यावर. आत कोण आहे ते फक्त जिनं शिवलं तिला माहीत.

लानिकाचा हात गावात वाखाणला जायचा. तिचा बाप थ्रेसकडून आलेला जुना स्वार, त्याच्याकडून ती शिकली होती. जवसाचा दोरा आधी भिजवायचा, पीळ घालायचा, मग मेणात घोळवायचा, उन्हात ताणून ठेवायचा, परत घोळवायचा. असा दोरा पावसानं फुगत नाही, घामानं कुजत नाही, ओढून तुटत नाही. देर्दास म्हणायचा, "माझ्या बायकोनं शिवलं की आत गेलेला माणूस तिची परवानगी घेतल्याशिवाय बाहेर येत नाही." देर्दासला सगळ्याचीच थट्टा सुचायची. देवळातल्या पुजाऱ्याची, पागेच्या कारभाऱ्याची, तिच्या बापाच्या लंगडण्याची. आणि सगळ्यात जास्त अल्केतासची, जो त्याच्याच रांगेत त्याच्या शेजारी घोडा हाकायचा आणि ज्याच्यासाठी त्यानं जीवही दिला असता. अल्केतास नाकातून बोलायचा आणि प्रत्येक वाक्यात "म्हणजे असं की" घालायचा. देर्दास रात्रीच्या जेवणाला बसला की सुरू व्हायचा. नाक चिमटीत धरून, "वहिनी, म्हणजे असं की, मसूर छान झालीये. म्हणजे असं की, अजून थोडी वाढता का?" ती पोट धरून हसायची. "पुरे रे, घास अडकेल," म्हणायची. नवऱ्याला ती अरे-तुरे करायची. मॅसेडोनिया-थ्रेसकडून आलेल्या घरांतल्या पोरींची तशीच सवय होती. अल्केतासची बायको हदीरा नवऱ्याला अहो-जाहो करणारी, तिला त्याचं फार नवल वाटायचं. "तुम्ही देवाला तरी अहो म्हणता का, लानिकाताई?" असं तिनं एकदा विचारलं होतं, आणि दोघी हसल्या होत्या.

त्या उन्हाळ्यात, कूच ठरल्यावर, गल्लीतल्या बायका गच्चीवर एकत्र बसून शिवायच्या. गरम वारा, खाली घोड्यांचा वास, वर पितळेची किणकिण. हदीरा नवी होती. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. तिचे बाप-भाऊ मळेवाले, त्यांच्या घरात कुणी चिलखत पाहिलं नव्हतं. ती खाली मान घालून मोठे मोठे टाके घालायची आणि दोरा तसाच कोरडा वापरायची, कारण मेणानं तिच्या बोटांना पुरळ उठायचं. लानिकानं तिची शिवण हातात घेऊन उलटसुलट केली होती. "हे कुणाचं गं, घोड्याचं की गाढवाचं?" बायका हसल्या. हदीराही हसली, पण तिचे डोळे भरले होते, ते लानिकाला दिसलं होतं. दिसूनही ती म्हणाली होती, "मेणात घोळव गं दोरा. पुरळ जातं, नवरा परत येत नाही." त्यावरही बायका हसल्या होत्या. तिला त्या वेळी वाटलं होतं, आपण शिकवतोय. थोरलेपणानं कान धरतोय. इतक्या वर्षांनी त्या गच्चीवर मनानं परत गेलं की तिला स्वतःचा आवाज ऐकू यायचा आणि त्या आवाजात एक गुबगुबीत समाधान असायचं. आपल्याला येतं, तिला येत नाही, याचं. दुसरं काही नाही.

देर्दासच्या घोड्याच्या पाखरीला छातीशी खवले कमी पडले, तेव्हा तिनं बापाच्या जुन्या चिलखतातले तांब्याचे खवले काढून लावले. लालसर, खालून गोल. बाकी पाखर पिवळी आणि छातीवर एक लाल ठिगळ. देर्दास म्हणाला, "छान. आता इजिप्तवाल्यांना नेम धरायला खूण झाली." ती म्हणाली, "मला खूण झाली. हजार घोड्यांत ओळखीन."

आणि तिनं ओळखलं. तेच तर झालं.

वेशीतून आत येताना पाखरवाल्यांनी पूर्ण लोखंडात, मुखवटे घालून यायचं, हा हुकूम जुना. शहराला माणसं दिसता कामा नयेत, फौज दिसली पाहिजे. आणि वेशीच्या आत बायका वाडगे घेऊन उभ्या राहायच्या. पाण्यात मध आणि थोडी वाइन. आधी घोड्याच्या ओठांना लावायचं, मग स्वाराच्या. मुखवट्याच्या तोंडाच्या फटीला वाडगा टेकवायचा आणि तो पितो. प्यायला की माणूस घरी आला असं समजायचं. मग त्यानं मुखवटा काढायचा. कोण मेलं, कोण राहिलं, हे तोपर्यंत कुणी सांगायचं नाही. निरोप्यानं आधी येऊन घरोघर सांगणं अशुभ मानायचे. ज्या बाईच्या वाडग्यातलं पाणी तसंच राहिलं ती समजायची.

धुळीतून रांगा आल्या. लानिका आणि हदीरा शेजारी शेजारी उभ्या होत्या. काळा घोडा, छातीवर लाल ठिगळ, दुसऱ्या की तिसऱ्या रांगेत. ती जवळजवळ धावली. घोड्याच्या नाकाला तिनं पाणी लावलं, त्यानं तिला ओळखून फुरफुर केली. तिनं टाचा उचलून वाडगा वर धरला. स्वार थांबला. क्षणभर, दोन क्षण, जास्तच. मग त्यानं वाकून पाणी प्यायलं, घटाघटा, सगळं. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, लोखंड तव्यासारखं तापलं होतं, तरी ठेवला. स्वाराकडे तिनं पाहिलंच नाही असं म्हटलं तरी चालेल. खांदे कसे, बसायची ढब कशी, काही नाही. तिनं स्वतःची शिवण पाहिली होती. तेवढं तिला पुरलं होतं.

मागे शेवटची रांग वेशीतून आत आली आणि धूळ खाली बसली. हदीरा अजून वाडगा धरून उभी होती. अल्केतासची तांबडी घोडी कुठेच नव्हती. तिचा चेहरा हळूहळू कसा झाला ते लानिकानं पाहिलं. आणि आनंदानं माणूस किती आंधळा होतो याला काही मर्यादा नसावी, कारण ती म्हणाली, मोठ्यानं, दहा बायकांत, "तुला सांगितलं होतं, हदीरा. दोरा मेणात घोळव म्हणून."

असं का म्हणाली ती? वीस वर्षं तिनं याचं उत्तर शोधलं. दुष्टपणानं नव्हे. गच्चीवरचं बोलणं जणू पुढे चालू होतं, तेवढंच. माझा आला, म्हणजे माझं बरोबर होतं. एवढी उघडी, एवढी क्षुद्र गोष्ट.

मुखवट्याच्या आतून आवाज आला. नाकातून, घुसमटलेला. "वहिनी, म्हणजे असं की..."

आणि ती हसली. वेशीत, सगळ्यांसमोर, मान मागे टाकून हसली. "पुरे कर रे," ती म्हणाली आणि तिनं त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. "अल्केतासचं नाटक घरी चालतं. निदान आज तरी नको, त्याची बायको इथं उभी आहे."

कुणी हसलं नाही. स्वारानं दोन्ही हात वर नेले, मानेमागची वादी सोडली, आणि मुखवटा उतरवला. अल्केतास होता. ओठ आणि हनुवटी तिच्या मधाच्या पाण्यानं ओली होती, त्यावर धूळ चिकटून चिखल झाला होता. तो तिच्याकडे बघत नव्हता. हदीराकडेही बघत नव्हता. घोड्याच्या आयाळीकडे बघत होता. "घोडी पडली माझी," तो म्हणाला. "म्हणजे असं की, हा मला दिला. देर्दासचा." मग हदीरा पुढे आली. लानिकाला वळसा घालून, तिचा स्पर्शही होऊ न देता, तिनं आपला वाडगा वर केला. आणि त्या माणसानं, पोट भरलेलं असूनही, तो दुसरा वाडगाही थेंब न ठेवता प्यायला.

देर्दास मेला हे लानिकाला त्या क्षणी कळलं. कळलं, पण कानामागे कुठेतरी. पुढे, कपाळावर, गालांवर, मानेवर होती ती लाज. आपण काय बोललो, कुणासमोर बोललो, कुणाला अरे-तुरे केलं, कुणाच्या नवऱ्याच्या गुडघ्यावर चापट मारली. दुःख दाराशी आलं होतं, पण घरात आधीच कुणीतरी येऊन बसलं होतं. ती वळली आणि घोड्याचं तोंड आपल्या ओढणीनं पुसायला लागली. पुसतच राहिली, कुणीतरी तिला धरून घरी नेईपर्यंत. सासूबाईंनी आपले केस कापले, ऊर बडवला, शेजारच्या बायका येऊन रडून गेल्या. ही कोरडी बसलेली. "रड गं," सासूबाई म्हणाल्या, "रडलीस की मोकळी होशील." तिनं तोंड वेडंवाकडं करून पाहिलं. रडायला गेलं की तिला देर्दास दिसायच्या आधी वेस दिसायची. पुढे लोक म्हणू लागले, धीराची बाई. तिनं ते खोडून काढलं नाही, आणि त्याचीही तिला लाज वाटत राहिली.

तो कसा मेला हेही तिनं कधी विचारलं नाही. विचारायचं तर अल्केतासला विचारावं लागलं असतं. तिनं मनाशी एक भाला धरला होता, इजिप्तच्या कुठल्या तरी भाडोत्री स्वाराचा, गळ्यापाशी, मुखवट्याच्या खाली, जिथे शिवण नसते. वीस वर्षं तो भाला तिथेच होता.

संध्याकाळी हदीरा आली. एकटीच. काखेत चामड्याची गुंडाळी आणि डोक्यावर खवल्यांचं पोतं. केस बरेच पांढरे झाले होते. उंबऱ्यावर थांबली. लानिकानं पोतं उतरवायला हात लावला, तेव्हा दोघींची बोटं एकमेकींना लागली आणि दोघींनीही ती लागली नाहीत असं दाखवलं.

"बस," लानिका म्हणाली. "अंजीर खातेस?"

"नको. दात दुखतो." मग जरा वेळानं, "एक द्या."

अंगणातल्या चुलीवर मसूर शिजत होती. हदीरानं अंजीर एका बाजूच्या दातानं सावकाश खाल्लं. "थोरल्याला पाखरवाल्यांत घेतलंय," ती म्हणाली. "मी नको म्हणत होते. हे काही बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण तुम्हाला माहीतच आहे, निम्मं वाक्य कुठे जातं कळत नाही." लानिका चुलीतलं लाकूड सरकवायला वाकली. "तर चिलखत शिवायचंय. लग्न नाही झालेलं, म्हणून आईनं शिवायचं. आणि माझी शिवण तुम्ही पाहिलीये."

त्यात टोमणा होता की नव्हता, ते लानिकाला कळेना. "डोळे गेलेत माझे," ती म्हणाली.

"सकाळी भाकरीवरची राख टिपत होतात. एकेक कण."

लानिकानं गुंडाळी उलगडली, चामडं बोटांत घेऊन वाकवून पाहिलं. चांगलं होतं, बैलाच्या पाठीचं. हातांना ते आवडलं, हातांना लाज नसते. "शिवीन," ती म्हणाली. "मेण आणायला हवं. माझं वाळलंय."

"मेण खवल्यांच्या दोऱ्याला लावा," हदीरा म्हणाली. "बगलेची बाजू बंद करायला दोरा कोरडा घ्या. आणि गाठ अशी मारा की एका ओढीत सुटेल. आतून, त्याच्याच हाताला लागेल अशी."

"कोरडा? का?"

"हे म्हणतात तसं."

"अल्केतास म्हणतो?" त्याचं नाव तिनं वीस वर्षांनी उच्चारलं. "का म्हणतो?"

हदीरानं अंजिराचं देठ हातात फिरवलं. "मला वाटलं होतं तुम्हाला ठाऊक आहे. सगळी गल्ली सांगते तुम्ही आमच्याशी बोलत नाही, मला वाटलं, त्याच्यामुळेच. राहू दे, ताई. मी माझ्या भावजयीकडून शिवून घेईन."

"सांग," लानिका म्हणाली.

लढाई सकाळीच जिंकली होती, हदीरानं सांगितलं. इजिप्तवाल्यांचे घोडेस्वार पळाले, आपले त्यांच्या मागे लागले, परत फिरून पायदळाच्या पाठीवर आले, सगळं संपलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं. अल्केतासची घोडी उतारावर पडली आणि तो तिच्याबरोबर गडगडत गेला. त्याची बगलेची शिवण टरकन फाटली, खवले सगळीकडे उधळले, आणि तो नागडा झाल्यासारखा बाहेर सरपटत आला. देर्दासला काहीच झालं नव्हतं. एक ओरखडा नाही. तो घोड्यावर बसून अल्केतासकडे बघून हसत होता. मग त्याचं हसणं बिनसलं. घाम येईना, चेहरा कोरडा लाल झाला, तो काहीबाही बोलायला लागला आणि घोड्यावरून कलंडला. झरे समोर दिसत होते, पण मध्ये माणसंच माणसं पडलेली. मोतद्दार मागे राहिलेले. अल्केतास त्याची बाजू उसवायला बसला. गाठ आवळलेली, दोऱ्याला मेण, सुरी निसटायची. खवल्यांच्या खाली सुरीचं टोक जाईना. ओळ इतकी दाट होती. "एक टाका तुटेपर्यंत," हदीरा म्हणाली, आणि तिनं देठ चुलीत टाकलं.

"काही म्हणाला का तो?" लानिकानं विचारलं.

"म्हणाला म्हणे, खवले सांडू नकोस. ती मोजून घेईल."

मसूर उतू गेली. दोघीही उठल्या नाहीत. चुलीतून चर्र आवाज आला आणि करपल्याचा वास सुटला. लानिकाच्या मनातला तो भाला, वीस वर्षं जागच्या जागी असलेला, कुठे गेला ते कळेना. त्याच्या जागी आता तिचीच बोटं होती, गच्चीवर, उन्हात, दोऱ्याला दुसऱ्यांदा मेण लावणारी. पुरळ जातं, नवरा परत येत नाही.

"तुमची चूक नाही ती," हदीरा म्हणाली. "उन्हाळ्याची चूक. असे पुष्कळ गेले त्या दिवशी. हे म्हणतात, ज्याची शिवण वाईट तोच वाचला असं नाही, वाईट शिवणीचेही मेले. यांना दुसरंच खातं. ते पाणी. म्हणतात, आत मुखवट्यात मला बोलायला हवं होतं आधी. म्हणजे असं की, तहान लागली होती. त्याच्या वाट्याचं मी पिऊन टाकलं. म्हणून तुमच्या दारावरून जात नाहीत. नदीकडे जायचं तरी पागेला वळसा घालून जातात."

चांभारगल्लीतून, लानिकाच्या मनात आलं. मीही तिथूनच जाते. वीस वर्षं दोघं एकाच वळशानं जात होतो आणि एकदाही भेटलो नाही.

"तुला मी वेशीत जे बोलले," ती म्हणाली.

"हो," हदीरा म्हणाली. "बोललात." ते काही नाही, मी विसरले, असं ती म्हणाली नाही, आणि लानिकाला त्याचं फार बरं वाटलं. हदीरानं उठून चुलीवरचं भांडं उतरवलं, पळीनं वरवरची मसूर दुसऱ्या भांड्यात काढली, करपलेली तळाशी ठेवली. "वरची चांगली आहे," ती म्हणाली. "खाऊन घ्या."

लानिका द्राक्षं पिकेपर्यंत शिवत राहिली. हदीरा रोज यायची, खवल्यांना भोकं बरोबर आहेत का ते पाहून हातात द्यायची. फारसं बोलणं व्हायचं नाही. मुलगा माप द्यायला आला तेव्हा लानिकानं पाहिलं, तो नाकातून बोलत नव्हता. बगलेच्या बाजूसाठी तिनं कोरडा दोरा घेतला. कोरडा दोरा हातात धरताना प्रथम उघड्या अंगानं बाहेर पडल्यासारखं वाटलं. गाठ जमेना. मारली, सोडली, परत मारली. आयुष्यभर न सुटणाऱ्या गाठीच शिकली होती ती.

शेवटच्या दिवशी मुलाला अंगणात उभा करून चिलखत घातलं. लानिकानं बगल शिवली, गाठ मारली, दोऱ्याचं टोक आत, त्याच्या बोटांजवळ सोडलं. तो त्यात ताठ उभा होता, नुकताच गळ्यापर्यंत लोखंडात बुडालेला. "ओढ," ती म्हणाली.

"आत्ता? एवढं शिवलंय तुम्ही."

"ओढ रे."

त्यानं ओढलं. सरसर आवाज झाला आणि सगळी बाजू वरपासून खालपर्यंत उघडली. तो हसत बाजूला सरकला, चिलखतातून बाहेर आला, आणि ते जड, उघडं चिलखत लानिकाच्या दोन्ही हातांवर कलंडलं. आतून ते गरम होतं. बुरणुसाला पोराच्या घामाचा वास होता. तिनं नकळत आत हात घातला, बगलेच्या फटीतून, थेट छातीपर्यंत, अस्तरावर तळवा फिरवला. आत कुणी नव्हतं. आणि तेव्हा, अंगणात, दुसऱ्याच्या मुलासमोर, देर्दास आला. वेस नाही, वाडगा नाही. नाक चिमटीत धरलेला, मसूर मागणारा देर्दास. तिच्या तोंडून असा आवाज निघाला की कुंपणावरची कबुतरं उडाली. मुलगा घाबरून आईकडे बघायला लागला. "जा, पाणी आण," हदीरा त्याला म्हणाली, आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून खवल्यांचं रिकामं पोतं घड्या घालत बसली. लानिकाचं रडून होईपर्यंत तिच्या घड्या चालू होत्या.

हदीराचा मुलगा पुष्कळ वर्षं पाखरवाल्यांत राहिला. पूर्वेकडच्या एका मोहिमेत नदी उतरताना घोडा बुडाला आणि हा वर आला, एवढं त्यानं सांगितलं. गाठ त्यानं ओढली, का ती आपोआप सुटली, ते त्याला आठवत नाही. आता तो पागेत शिंगरांना शिकवतो. अल्केतास अंथरुणात गेला, म्हातारा होऊन. लानिकाच्या दारावरून तो शेवटपर्यंत गेला नाही, पण चांभारगल्लीत ती समोर आली तर थांबायचा आणि म्हणायचा, "वहिनी, म्हणजे असं की, बरं आहे ना?" आणि ती म्हणायची, "बरं आहे." वेशीतून येताना मुखवटे काढून यायचं, असा हुकूम पुढे निघाला, तो लानिकामुळे निघाला असं गल्लीत सांगतात, ते खरं नाही, उन्हामुळे निघाला. काळा घोडा पागेच्या कुरणात मेला. छातीवरचं लाल ठिगळ कुठे गेलं ते कुणाला माहीत नाही. हदीरा अजून आहे, दात सगळे गेलेत, अंजीर चोखून खाते. लानिका तिच्या आधी गेली, एका हिवाळ्यात, फार त्रास न होता. शेवटची काही वर्षं तिला सगळ्यांची नावं आठवायची नाहीत. पण हदीराची सून नवा दोरा घेऊन आली की ती तो हातात घ्यायची, दोन्ही मुठींत धरून ओढायची, आणि दोरा तुटला की समाधानानं मान हलवून म्हणायची, "चांगला आहे."